बैलाच्या किमतीचं घड्याळ

“पस्तीस रुपये,” साहेबराव म्हणाला. “त्याच्या वर एक पैसा न्हाई.”

पासलीच्या गिरणीत त्या सकाळी आठ-दहा माणसे भात भरडायला आली होती. इंजिन तापले म्हणून बंद ठेवले होते, त्यामुळे सगळ्यांना बोलायला वेळ होता. गेनबा हात पुढे करून उभा होता. गिरणीचा मालक साहेबराव गादीवरून न उठता त्याचे मनगट दोन बोटांत धरून त्यावरचे घड्याळ बघत होता.

“पस्तीस?” गेनबाने विचारले.

“ते बी तुमी म्हातारं माणूस म्हणून. तात्या, घड्याळ म्हंजे हे.” साहेबरावाने आपला हात वर केला. पुण्याहून आणलेले पातळ, पिवळेधमक घड्याळ त्याच्या मनगटावर होते. “सोन्याचं पाणी दिल्यालं हाय. पट्टा बी सोनेरी. आन् तुमचं हे? लोखंड. नांगराचा फाळ बांधल्यावानी जड. तोंड काळं. भोवतीची ही चकती बघा, ढिली झालीय. फिरतीय!”

“ती फिरतीच असती.”

“कशासाठी?”

गेनबाला ते माहीत नव्हते. ठकुबाईला माहीत होते. तिने एकदा त्याला सांगितलेही होते, पण तेव्हा तो बैल धूत होता.

ठकुबाई ही गेनबाची बायको. तिला जाऊन दहा महिने झाले होते. पाच वर्षांपूर्वी ती भाटघरला बहिणीकडे गेली होती, तेव्हा धरणावर मुंबईहून एक पाणबुड्या आलेला होता. पाण्याखाली उतरून दारे तपासायची, हे त्याचे काम. जेवायला तो ठकुबाईच्या बहिणीकडे असायचा. त्याच्या हातावरचे घड्याळ ठकुबाईने पाहिले आणि आपल्या दंडातल्या दोन्ही चांदीच्या वाक्या देऊन ते नवऱ्यासाठी घेतले. घरी आल्यावर तिने ते गेनबाच्या हातावर बांधले आणि चूल पेटवायला गेली. त्यावर पुढे काही बोलणे झाले नाही.

“काकी साधी व्हती,” साहेबराव म्हणाला. “मुंबईवाल्यानं फसवली तिला. चाळीस तोळं चांदी गेली. पर आता गेलेल्या माणसाला काय बोलायचं?”

असे म्हणून तो बोलला होताच.

दहा महिन्यांत लोक ठकुबाईबद्दल पुष्कळ बोलले होते. कष्टाळू होती, तोंडाची फटकळ होती, हाताला चव होती. साधी होती असे कोणी म्हटले नव्हते. गावात कासारीण आली की ठकुबाईचे घर ती अगदी शेवटी घ्यायची. आधी घेतले तर घासाघिशीतच तिची दिवसभराची उमेद जायची.

“तिला कुणी फसवलं न्हाई,” गेनबा म्हणाला.

“मग सांगा की किंमत.”

किंमत गेनबाने कधी विचारली नव्हती. कोपऱ्यात पोत्यावर बसलेला जगन तेवढ्यात उठला. जगन हा जनावरांचा दलाल. बारा गावांच्या बैलांच्या किमती त्याच्या हातून ठरायच्या. किंमत हा शब्द ऐकला की त्याला बसवत नसे.

“अशी भांडून किंमत निघत न्हाई,” जगन म्हणाला. “आना हिकडं. बघू जनावर.”

त्याने गेनबाचा हात उजेडात धरला. घड्याळाभोवती एकदा नजर फिरवली. मागून पाहिले, पुढून पाहिले. चकतीच्या कडेचे दाते नखाने मोजल्यासारखे केले. मग कान लावला आणि डोळे मिटले.

“चाल चांगली हाय,” तो म्हणाला. “कुठं अडखळत न्हाई. दात पुरं हायेत. वय?”

“आमच्याकडं पाच वर्सं.”

“आधीचं दावं कुठलं?”

“पाणबुड्याचं.”

“म्हंजे पाण्याला बुजत न्हाई.” जगनने खांद्यावरचे उपरणे काढून झटकले. “आता घेणारा कोण? नुसत्या इकणाऱ्याच्या हातानं किंमत निघत नसती.”

“साहेबराव हायेत की,” कोणीतरी म्हणाले. “पस्तीस म्हणत्यात.”

साहेबराव हसला आणि त्याने हात पुढे केला.

जनावरांच्या बाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. दलाल उपरण्याखाली एकदा घेणाऱ्याचा हात धरतो, एकदा विकणाऱ्याचा, आणि बोटे दाबून आकडा इकडून तिकडे पोचवतो. पटले नाही तर विकणारा हात आत तसाच ठेवून मान हलवतो. पटले तर हात बाहेर काढतो. हात बाहेर आला की दलाल जनावराच्या पाठीवर गुलाल टाकतो आणि सौदा झाला. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होते. गेनबाला तर लहानपणापासून माहीत होते.

गेनबाला घड्याळ विकायचे नव्हते. त्याला फक्त आकडा पाहिजे होता. पहिला आकडा पस्तीसचा आला. त्याने मान हलवली. मग पन्नास आला. मग शंभर. प्रत्येक आकडा त्याला ठकुबाईच्या मानाने कमीच वाटला आणि तो मान हलवत राहिला.

साहेबरावालाही घड्याळ घ्यायचे नव्हते. पण गेल्या वीस वर्षांत त्याचा हात उपरण्याखालून रिकामा कधी बाहेर आला नव्हता. समोरचा मान हलवू लागला की त्याची बोटे आपोआप वाढत. आणि जगनला तर या दोघांशी काही देणेघेणेच नव्हते. उपरणे पसरले की सौदा जुळवायचा, एवढेच त्याच्या हातांना ठाऊक होते.

लोक दोघांची तोंडे बघत होते. इंजिन थंड झाले तरी कोणी चालू करायला उठले नाही.

शेवटी जगनने गेनबाच्या हातात तीन बोटे दाबली आणि वर आणखी अर्धे. साडेतीनशे. गेल्याच महिन्यात रखमाजीने एवढ्यालाच एक बैल विकला होता. चांगला, सहादाती बैल.

“आयला!” गेनबा ओरडला. ठकुबाईचे घड्याळ एका बैलाएवढे! त्याला हे कोणाला सांगू आणि कोणाला नको असे झाले आणि त्याने दोन्ही हात वर केले.

“झाला!” जगन ओरडला. खिशातली पुडी कधी बाहेर आली ते कोणाला दिसले नाही. घड्याळाच्या काळ्या तोंडावर, गेनबाच्या मनगटावर आणि खाली सांडलेल्या तांदळावर लाल गुलाल पडला.

“केवढ्याला?” सगळ्यांनी एकदम विचारले.

गुलाल पडल्यावर सांगायला हरकत नसते. “साडेतीनशे,” जगन म्हणाला.

एकजण उभा होता तो पोत्यावर बसला. सगळ्यांत मोठा धक्का साहेबरावाला बसला होता.

“साडेतीनशे कोण म्हणलं?”

“मालक, तुमीच बोटं दाबली.”

“म्या?” साहेबराव आपल्या बोटांकडे बघू लागला. ती दुसऱ्याची असावीत असे त्याच्या चेहऱ्यावर होते.

“आन् म्या इकत न्हाई,” गेनबा घाईघाईने म्हणाला. “म्या फकस्त किंमत बघत व्हतो.”

जगन दोन पावले मागे सरला. “गुलाल पडल्यावर, तात्या? गुलाल पडल्यावर?”

गेनबाने मान खाली घातली. गुलाल पडल्यावर जो फिरतो त्याच्या दावणीचे जनावर पुन्हा कोणी घेत नाही आणि त्याला कोणी देतही नाही. बैलजोडीवर पोट असलेल्या माणसाला ते परवडण्यासारखे नव्हते. साहेबरावालाही नव्हते. सौदा मोडता येईल अशी एकच वाट होती. घेणारा तीन दिवस जनावर आपल्या दारात बांधतो. तेवढ्यात काही खोड निघाली तर परत. नाही निघाली तर चौथ्या दिवशी पैसे.

“तीन दिसांची बोली,” जगनने सांगितले आणि गेनबाच्या हातावरचे घड्याळ सोडून साहेबरावाच्या हातात दिले. गेनबाच्या काळ्या मनगटावर दोन बोटे रुंदीचा पांढरा पट्टा उघडा पडला.

गेनबा घरी आला तेव्हा शेजारची भामाबाई दारात भात पाखडत होती. ती त्याची भावजय. तिची नजर आधी त्याच्या हाताकडे गेली.

“भावजी, घड्याळ इकलं?”

“इकलं न्हाई. किंमत काढली.”

“मग हातावर का न्हाई?”

गेनबाने ओट्यावर बसून सगळे सांगितले. भामाबाईने सूप खाली ठेवले.

“म्हंजे आता खोड निघाली तर परत मिळंल?”

“व्हय.”

“मग काढा की खोड! त्यात काय? धा खोडी सांगा.”

“अगं, खोड हाय म्हणलं तर तिला फसवली असं व्हतंय. तिला कुणी फसवलं न्हाई हे दावायला तर म्या हात घातला.”

“मग खोड न्हाई म्हणा.”

“मग घड्याळ जातंय.”

भामाबाईने सूप पुन्हा उचलले. “अक्का असत्या तर त्यांनी बराबर काढलं असतं ह्यातनं,” ती म्हणाली.

“ती असती तर म्या ह्यात गेलोच नसतो,” गेनबा म्हणाला.

रात्रभर त्याने दोन्ही बाजूंनी विचार केला. सकाळी उठल्यावर वेळ बघायला त्याने हात वर केला आणि तिथे पांढरा पट्टा दिसला. तेव्हा त्याने ठरवले. लोक काय म्हणायचे ते म्हणोत. घड्याळ परत आणायचे.

तो गिरणीत गेला. इकडे साहेबरावाचीही रात्र बरी गेली नव्हती. लोखंडाच्या घड्याळाला त्याने बैलाची किंमत दिली, ही बातमी वेल्ह्यापर्यंत गेली होती. खोड काढावी तर फसलो म्हणून कबूल केल्यासारखे होते. घड्याळच तेवढ्या मोलाचे आहे, असे म्हणण्यावाचून त्याला दुसरी वाट राहिली नव्हती. सोनेरी घड्याळ काढून त्याने हे काळे घड्याळ गादीवर पुढे ठेवले होते आणि येईल त्याला दाखवत होता.

“साहेबराव,” गेनबा म्हणाला, “घड्याळ लई जड हाय बरं का.”

“असणारच. आत माल हाय.”

“तोंड काळं हाय.”

“पांढऱ्या तोंडाची घड्याळं कारकून लोक घालत्यात.”

“काटं अंधारात चमकत्यात. आमची म्हस बुजती.”

“माझी बुजत न्हाई.”

“ती चकती...”

“ती कळायला अक्कल लागती, तात्या.”

“कशासाठी असती?”

साहेबरावाने चकती एकदा फिरवून पाहिली. “ते म्या तुमाला का सांगू? घड्याळ आता माझं हाय.”

लोक जमू लागले. काल जो पस्तीस म्हणत होता तो आज घड्याळाची बाजू घेत होता, आणि ज्याचे घड्याळ तोच त्याला नावे ठेवत होता. हे बघायला भात नसलेली माणसेही गिरणीत आली.

गेनबाला आता खोटे बोलावे लागणार होते. त्याने जमिनीकडे पाहिले. “त्यात पानी जातं,” तो म्हणाला.

“पानी?” साहेबराव गादीवर ताठ झाला. “ह्याच्यावर काय लिवलंय वाचू? स्विस. आन् हितं, दोनशे मीटर. दोनशे मीटर पाण्यात चालतं हे! आपल्या आख्ख्या तालुक्यात तेवढं खोल पानी न्हाई. आना रं घागर!”

घागर आली. साहेबरावाने घड्याळ आत सोडले. ते बुडाशी गेल्याचा आवाज आला. सगळे घागरीभोवती वाकले. अर्धा तास कोणी हलले नाही. मग साहेबरावाने कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर काढले, धोतराला पुसले आणि पहिल्यांदा गेनबाच्याच कानाला लावले.

टिकटिक चालू होती. आत पाण्याचा एक थेंबही गेला नव्हता. घड्याळ गेले हे गेनबाला कळत होते, पण त्याचा चेहरा आपोआप फुलला.

“बघा,” मागून कोणी म्हणाले, “इकणारा बी खूश हाय.”

त्या दिवसापासून साहेबरावाला घड्याळाची काळजी वाटू लागली. एवढा मोलाचा माल गादीवर ठेवणे बरे नव्हते. हातावर घालावे तर त्याच्या मनगटाला ते टोचायचे. त्याने बायकोचे मऊ लुगडे घेतले, त्यात घड्याळ गुंडाळले आणि लोखंडी ट्रंकेत कुलूप लावून ठेवले.

गुलालानंतरचा तिसरा, म्हणजे बोलीचा शेवटचा दिवस उजाडला. गेनबा बैलांना वैरण टाकत होता. बघतो तो साहेबराव आणि जगन अंगणात उभे. साहेबराव आपल्या पायांनी कोणाच्या दारात आला, हे बघूनच भामाबाई घरातून धावत आली.

“तात्या, फसवलंत मला,” साहेबराव म्हणाला.

जगनने तळहातांवर अलगद आणलेला घड्याळाचा रुमाल सोडला. “जनावर बसलंय,” तो हळूच म्हणाला.

गेनबाने हात पुढे केला, पण जगनने रुमाल मागे घेतला. वादातल्या जनावराला कोणीच हात लावायचा नसतो. गेनबा नुसता कान जवळ नेऊन वाकला. काही ऐकू आले नाही. काटे पावणेचारवर थांबले होते. दहा महिने झोपताना तो हा आवाज उशाला घेऊन झोपत असे. घरात दुसरा आवाज नव्हता.

“मारलंत त्याला तुमी!” गेनबा म्हणाला.

“म्या? अवो, लुगड्यात गुंडाळलं व्हतं! माझ्या सोनेरी घड्याळाला बी म्या असं ठेवलं न्हाई.”

“जाऊ द्या,” जगन म्हणाला. “खोड निघाली. सौदा मोडला. तात्या, तुमचं जनावर तुमी घ्या.”

दोघांच्याही मनासारखे झाले होते. जगनने रुमाल पुढे केला. पण गेनबाने हात मागे घेतला.

“खोड न्हाई.”

“आँ?”

“त्यात खोड न्हाई. पाच वर्सं चाललं. ठकीनं आनल्यालं घड्याळ लुगड्यात मरत न्हाई. ह्यांनीच काय तरी केलं.”

“तात्या, परवा तर तुमीच धा खोडी सांगत व्हता!” साहेबराव म्हणाला.

“परवा ते चालत व्हतं!”

जगनने कपाळाला हात लावला. आयुष्यात त्याने अनेक सौदे मोडले होते, पण परत मिळणारे जनावर नको म्हणणारा विकणारा त्याने पाहिला नव्हता. भामाबाई मधे पडली. “भांडता कशाला? भोरला त्यो नजीरभाई हाय घड्याळवाला. त्याच्याकडं जावा.”

तिघे निघाले. घड्याळ कोणाकडे द्यायचे नाही म्हणून जगनने ते बंडीच्या खिशात घातले आणि वरून हात दाबून ठेवला. वेल्ह्यापर्यंत चालत, तिथून एस.टी.ने नसरापूर, तिथे गाडी बदलून भोर. एकाहत्तर सालचा वैशाख होता आणि रस्त्याची खडी नुकतीच उखडली होती. जगनला चाकावरची मागची जागा मिळाली. प्रत्येक खड्ड्याला तो वीतभर उडायचा आणि खिसा धरून पुन्हा बसायचा. गेनबा आणि साहेबराव दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघत होते.

नजीरभाईचे दुकान भोरच्या पेठेत होते. एक काचेची पेटी, एक बाक, भिंतीवर सात-आठ बंद घड्याळे. नजीरभाई डोळ्याला भिंग लावून बसला होता.

“बोला.”

“मेलेलं जनावर हाय,” जगन म्हणाला आणि त्याने रुमाल सोडला.

घड्याळ चालू होते.

जगनच्या हातून रुमाल पडला. साहेबरावाचे तोंड उघडे राहिले. गेनबा बाकावर बसला.

“म्या हात बी लावला न्हाई!” जगन म्हणाला. “खिशात व्हतं. आईशपथ सांगतो, बसल्यालं व्हतं.”

“गाडीनं आलात?” नजीरभाईने विचारले.

“व्हय.”

“मागच्या जागेवर?”

जगन त्याच्याकडे भूत बघावे तसा बघू लागला. नजीरभाईने हसत हसत घड्याळ पालथे केले, एका हत्याराने मागचे झाकण फिरवून काढले आणि पेटीवर धरले. आत पितळेचा अर्ध्या चंद्रासारखा एक तुकडा होता. त्याने घड्याळ जरासे कलते केले, तसा तो तुकडा गर्रकन फिरला.

“हे वजन,” नजीरभाई म्हणाला. “हात हलला की हे फिरतं. हे फिरलं की आपोआप चावी बसते. एका जागी ठेवलं की दीड-दोन दिवसांनी थांबतं. मेलं बिलं काही नाही.”

“म्हंजे खोड न्हाई,” गेनबा बोलून गेला, आणि काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

साहेबरावाने रुमालाने घाम पुसला. खोड नाही म्हणजे साडेतीनशे. “पर चावी देता येती की न्हाई?”

“येते. पण ती आट्यांनी घट्ट बंद केलेली असते, पाणी जाऊ नये म्हणून. रोज उघडझाक बरी नाही. हात हलता पाहिजे.”

“किती हलता?”

“काम करणाऱ्या माणसाला मुद्दाम हलवावा लागत नाही.” नजीरभाईने साहेबरावाच्या हाताकडे पाहिले. बोटांत तीन अंगठ्या होत्या. “आपण काय करता?”

“माझी गिरणी हाय भाताची.”

“ती इंजिन चालवतं. आपण काय करता?”

“म्या बसतो.”

“किती वेळ?”

“सकाळपास्नं.”

नजीरभाईने मान हलवली. “मग पंखा घ्या हातात. वारा घालत राहा. जेवणानंतर थोडा जास्त.”

“म्हंजे?” साहेबरावाचा आवाज चढला. “साडेतीनशे रुपयं द्यायचं, आन् वर म्या ह्याची चाकरी करायची? दिसभर? हात हलवत?”

“नाहीतर थांबेल.”

साहेबराव जगनकडे वळला. “जगन, ही खोड हाय का न्हाई?”

जगनच्या इमानाचा प्रश्न होता. “बैलानं मालकाला वढायचं असतं,” तो शेवटी म्हणाला. “हितं मालकालाच बैल वढायला लागतोय. ही खोडच झाली. सौदा मोडला.”

साहेबरावाने सुटकेचा श्वास सोडला. मग गावात काय सांगायचे हे त्याला आठवले आणि तो ताठ झाला. “तसं घड्याळ चांगलं हाय, तात्या. साडेतीनशेला स्वस्तच व्हतं. पर मला सवड न्हाई.” असे म्हणून तो जगनला घेऊन चहाला गेला.

गेनबा बाकावर बसून राहिला. नजीरभाईने झाकण बसवायला घेतले होते, पण मधेच त्याने ते डोळ्याजवळ धरले आणि भिंगातून आतल्या बाजूला पाहिले.

“बाबा, हे घड्याळ माझ्याकडं आधी येऊन गेलंय.”

“न्हाई. म्या पयल्यांदाच आलो.”

“ही खूण माझी आहे. घड्याळ उघडलं की आम्ही झाकणाच्या आत टोकानं बारीक खूण करतो.” तो आठवू लागला. “पाच वर्षं झाली असतील. एक बाई होत्या. हिरवं लुगडं. बरोबर मुंबईचा एक माणूस, पाण्याखाली काम करणारा.”

गेनबा बाकावर पुढे सरकला. “हिरवं?”

“म्हणाल्या, उघडा, आत काय आहे ते बघू द्या. वजन कशाला, ते विचारलं. चकती कशाला, ते विचारलं. पाण्याखाली जाऊन किती वेळ झाला ते मोजायला, म्हटलं. तर म्हणाल्या, चुलीवर भात ठेवून किती वेळ झाला ते मोजता येईल का? मग किंमत विचारली. मी होती ती सांगितली. आणि मग त्यांचा सौदा सुरू झाला, तुम्ही बसलाय ह्याच बाकावर. मी दुपारची नमाज पढून आलो तरी चालूच होता. तो माणूस उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. मला म्हणाला, भाई, पाण्याखालीसुद्धा एवढा दम लागत नाही.”

गेनबा त्या पायरीकडे बघत राहिला.

“तुमच्या कोण त्या?”

“मालकीण.”

“बऱ्या आहेत ना?”

“गेल्या आखाडात गेली. ताप आला.”

नजीरभाईने डोळ्याचे भिंग काढून ठेवले. मग त्याने झाकण घट्ट बसवले, घड्याळ फडक्याने पुसले, वेळ लावली आणि गेनबाच्या हातावर स्वतः बांधले. चकतीच्या दात्यांत अडकलेला गुलाल मात्र निघाला नाही.

“नजीरभाई, तुमी तिला किती किंमत सांगितली व्हती?”

“ते सांगता यायचं नाही.”

“का?”

“जाताना त्यांनी मला बजावलंय. म्हणाल्या, आमचे मालक कधीतरी विचारायला येतील. त्यांना सांगू नका. किंमत कळली की घालायचं सोडतील आणि ट्रंकेत ठेवून देतील.”

गेनबा त्याच्याकडे बघतच राहिला. “निदान साडेतीनशेच्या वर का खाली, येवढं तरी?”

“नाही.”

“आता ती न्हाई, भाई.”

“म्हणूनच,” नजीरभाई म्हणाला. “परवानगी आता कोणाकडं मागू?”

गेनबा उठला. पैसे विचारले तर नजीरभाईने हात जोडले.

एस.टी. स्टँडवर परतीची गाडी लागायला अवकाश होता. साहेबराव आणि जगन अजून आले नव्हते. बाकावर वरव्याचा एक गृहस्थ पिशव्या घेऊन बसला होता. त्याने गेनबाच्या हाताकडे दोन-तीनदा पाहिले आणि मग न राहवून सरकून जवळ आला.

“पाव्हनं, बघू बरं. लई येगळंच दिसतंय. केवढ्याचं हो?”

“ते आमच्या हिला ठावं,” गेनबा म्हणाला.

“मग विचारून सांगा. मला बी घ्यायचंय एक.”

“विचारतो,” गेनबा म्हणाला.